दबलेला मणका, दुखणारा मणका

उतारवयात पाठीत किंवा कमरेत अचानक कळ उठली, की घरोघरी ‘उसण भरली’ असे म्हणून शेक, मलम आणि विश्रांती यांवर काही दिवस काढले जातात, आणि बहुतेक वेळा तेवढे पुरतेही. परंतु साठी ओलांडलेल्या व्यक्तींमध्ये, विशेषतः रजोनिवृत्तीनंतर बरीच वर्षे लोटलेल्या स्त्रियांमध्ये, पाण्याची बादली उचलणे, जोराची शिंक येणे किंवा बस खड्ड्यातून जाताना बसलेला हादरा अशा किरकोळ निमित्ताने सुरू झालेल्या दुखण्यामागे मणक्याचा अस्थिभंग असू शकतो. हाडांतील खनिजे कमी होऊन आणि त्यांची आतील वीण विरळ होऊन ती ठिसूळ होण्याच्या विकाराला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात, आणि या विकारामुळे मोडणाऱ्या हाडांत मणक्यांचा क्रमांक फार वरचा लागतो. मोडलेल्या मणक्यावर आज कमरेच्या पट्ट्यापासून हाडात सिमेंट भरण्यापर्यंत अनेक उपचार उपलब्ध आहेत. मात्र त्यांतील योग्य उपचार निवडण्यासाठी आधी तीन प्रश्नांची उत्तरे मिळावी लागतात. अस्थिभंग ताजा आहे की जुना, वेदना त्याच मणक्यातून येते आहे की दुसरीकडून, आणि हाड मुळात मोडले कशामुळे, हे ते तीन प्रश्न होत. क्ष-किरण, सीटी, एमआरआय आणि अस्थिस्कॅन या तपासण्या एकत्रितपणे वैद्यकीय प्रतिमाचित्रण म्हणून ओळखल्या जातात, आणि उपचारापूर्वी त्यांच्याकडून अपेक्षित असते ती याच तीन प्रश्नांची उकल.

मणका दबतो म्हणजे काय होते

मानेचे ७, छातीचे १२ आणि कमरेचे ५ असे मणके एकावर एक रचलेले असून त्यांच्या खाली त्रिकास्थी, म्हणजे माकडहाडाच्या वरचे रुंद हाड, असते. प्रत्येक मणक्याचा पुढचा जाड भाग शरीराचा भार पेलतो आणि मागची कमान मज्जारज्जूला संरक्षण देते. पुढचा भाग व कमान यांना दोन्ही बाजूंनी हाडाचे दोन आखूड दांडे जोडतात. पुढच्या भागाचे बाहेरचे कवच पातळ असते आणि आत जाळीदार हाड असून त्या जाळीच्या पोकळ्यांत अस्थिमज्जा भरलेली असते. ऑस्टिओपोरोसिसमध्ये ही जाळी झिजत जाते, आडवे धागे आधी तुटतात, उभ्या धाग्यांचा आधार जातो आणि एरवी सहज पेलवणाऱ्या भाराखाली मणक्याचा पुढचा भाग खचतो. मागची उंची शाबूत आणि पुढची कमी, असा पाचरीचा आकार मणक्याला येतो, आणि असे दोन-तीन मणके खचले की पाठीला बाक येतो व उंची घटते. छातीचा बारावा आणि कमरेचा पहिला या मणक्यांना हा धोका अधिक असतो, कारण फासळ्यांनी जखडलेला छातीचा ताठ कणा आणि मोकळेपणाने वाकणारा कमरेचा कणा यांचा सांधा तेथेच आहे.

या विकाराचे एक वैशिष्ट्य पुढील सर्व विवेचनाच्या मुळाशी आहे. मणक्यांच्या अस्थिभंगांपैकी सुमारे दोन-तृतीयांश अस्थिभंग घडतात त्या वेळी ओळखलेच जात नाहीत. वेदना सौम्य असते, किंवा ती वयाच्या खात्यावर टाकली जाते, आणि हाड वाकड्या आकारातच भरून येते. साहजिकच सत्तरीतील एखाद्या स्त्रीच्या कण्याचे चित्र काढले, तर त्यात काही वर्षांपूर्वी खचून बरे झालेले मणके दिसणे मुळीच नवलाचे नाही. दबलेला मणका डोळ्यांना लगेच दिसतो, पण तोच दुखणारा मणका आहे असे त्यावरून ठरत नाही.

क्ष-किरण: पहिली पायरी आणि तिच्या मर्यादा

विल्हेल्म रॉन्टगेन यांना १८९५ मध्ये जर्मनीतील वुर्झबुर्ग येथे क्ष-किरणांचा शोध लागला, आणि आजही मणक्याच्या तपासणीची सुरुवात याच किरणांनी होते. बाजूने घेतलेल्या चित्रात प्रत्येक मणक्याची पुढची, मधली व मागची उंची मोजता येते. हॅरी जेनांट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये सुचवलेल्या पद्धतीनुसार उंचीतील घट २० ते २५ टक्के असेल तर अस्थिभंग सौम्य, २५ ते ४० टक्के असेल तर मध्यम आणि ४० टक्क्यांहून अधिक असेल तर तीव्र मानला जातो. ही तपासणी स्वस्त आहे, तालुक्याच्या गावीही ती होते आणि अस्थिभंगाची शंका तिच्यामुळे प्रथम पक्की होते.

क्ष-किरण चित्र हाडाचा आकार दाखवते, वय मात्र सांगत नाही. मागच्या महिन्यात खचलेला आणि दहा वर्षांपूर्वी खचलेला मणका या चित्रात बऱ्याचदा सारखेच दिसतात. या अडचणीवरचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे रुग्णाची जुनी चित्रे; दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या कारणासाठी काढलेल्या छातीच्या चित्रातही कण्याचा बराच भाग आलेला असतो, आणि तेव्हा शाबूत असलेला मणका आज दबलेला दिसला तर अस्थिभंग त्या दरम्यानचा आहे हे निश्चित होते. म्हणूनच जुन्या फिल्म आणि अहवाल रद्दीत न घालता जपून ठेवणे हे रुग्णाच्या हिताचे असते. याउलट, पडल्यानंतर पहिल्या काही दिवसांत काढलेले चित्र निर्दोष दिसले तरी निश्चिंत राहता येत नाही, कारण हाडाच्या आतली जाळी तुटलेली असूनही मणका प्रत्यक्ष खचायला काही आठवडे लागू शकतात. वेदना हटत नसेल तर चित्र पुन्हा काढणे किंवा पुढची तपासणी करणे आवश्यक ठरते. काही वेळा तोच मणका रुग्णाला उभे करून आणि नंतर आडवे निजवून पाहतात. दोन्ही चित्रांतील उंचीत लक्षणीय फरक आढळला, तर हाडाचे तुकडे जुळून न येता आत पोकळी राहिली आहे असा अर्थ होतो, आणि अशा रुग्णाची वेदना उठता-बसताना व कूस बदलताना विशेष तीव्र असते.

एमआरआय: ताज्या जखमेची खूण

हाडाच्या आकारापलीकडे जाऊन आतल्या मज्जेची अवस्था दाखवणारी तपासणी म्हणजे एमआरआय. या तंत्राच्या पायाभूत शोधांसाठी पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. शरीरातील पाणी आणि चरबी यांच्यात हायड्रोजनचे असंख्य अणू असतात. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या या अणूंना रेडिओलहरींनी क्षणभर चेतवले, की पूर्वस्थितीला येताना ते जे संकेत देतात, त्यांच्यापासून संगणक प्रतिमा रचतो. यात क्ष-किरणांचा वापर होत नाही. पाण्याचे आणि चरबीचे अणू वेगवेगळ्या गतीने पूर्वस्थितीला येत असल्यामुळे यंत्राची मांडणी बदलून कधी चरबी, तर कधी पाणी ठळक करून दाखवता येते, आणि मणक्याच्या अस्थिभंगाचे निदान नेमके याच फरकावर उभे आहे.

वृद्ध माणसाच्या मणक्यातील मज्जेत चरबीचे प्रमाण अधिक असते, म्हणून टी-१ या नावाच्या प्रतिमामालिकेत निरोगी मणके उजळ दिसतात. हाड नुकतेच मोडलेले असेल, तर तेथे रक्त आणि सुजेचे पाणी साचते, चरबी बाजूला सारली जाते आणि तो मणका काळवंडतो. स्टर या दुसऱ्या मालिकेत चरबीचा संकेत मुद्दाम दाबून टाकलेला असतो. त्यामुळे इतर सर्व मणके करडे-काळे दिसतात आणि पाणी साचलेला ताजा मणका तेवढा पांढरा उठून दिसतो. जुना, भरून आलेला अस्थिभंग असेल तर मज्जेत चरबी परतलेली असते, म्हणून मणका आकाराने दबलेला असला तरी त्याचा रंग दोन्ही मालिकांत शेजाऱ्यांसारखाच असतो.

या फरकाने उपचार कसा बदलतो हे एका कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. समजा, बहात्तर वर्षांच्या एका स्त्रीला तीन आठवड्यांपासून कमरेच्या वरच्या भागात तीव्र वेदना आहेत आणि क्ष-किरण चित्रात छातीचा आठवा व बारावा आणि कमरेचा तिसरा असे तीन मणके दबलेले आहेत. तिघांत छातीचा बारावा मणका सर्वाधिक खचलेला असल्यामुळे संशय त्याच्यावरच जातो. एमआरआयमध्ये मात्र हे तिन्ही मणके स्टर मालिकेत शेजाऱ्यांइतकेच गडद दिसतात, आणि ज्याची उंची जेमतेम कमी झाली आहे असा कमरेचा पहिला मणका, वरच्या कडेलगत एका काळ्या रेघेसह, पांढरा दिसतो. ती रेघ म्हणजे दबलेल्या जाळीची ताजी भेग. वैद्याने बोटांनी कण्यावर वरून खाली हलके ठोकून पाहिले असता रुग्ण याच जागी कळवळत असेल, तर चित्र आणि बोट यांची साक्ष जुळली. केवळ क्ष-किरण चित्रावर विसंबून या स्त्रीच्या तिन्ही दबलेल्या मणक्यांवर उपचार झाले असते, तर दुखणारा मणका तसाच राहिला असता.

मज्जेतील सूज काही आठवड्यांत ओसरू लागते, पण काही रुग्णांत ती अनेक महिने टिकते. म्हणून पांढरा मणका म्हणजे अस्थिभंग अमुक तारखेचा, असा हिशेब मांडता येत नाही. वेदना कधी व कशी सुरू झाली, ती कोणत्या हालचालीने वाढते, हा रुग्णाने सांगितलेला वृत्तान्त चित्राइतकाच मोलाचा असतो.

हाड कशामुळे मोडले

मणका दबण्याचे सर्वाधिक आढळणारे कारण ऑस्टिओपोरोसिस असले, तरी ते एकमेव नाही. स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस, मूत्रपिंड किंवा थायरॉइड यांचा कर्करोग मणक्यांत पसरू शकतो. मल्टिपल मायलोमा हा अस्थिमज्जेतील पेशींचा कर्करोग तर काही वेळा दबलेल्या मणक्याच्या रूपानेच प्रथम प्रकट होतो. ऑस्टिओपोरोसिसच्या अस्थिभंगात मज्जेचा काही भाग सहसा मूळच्या स्थितीत राहतो आणि मणक्याची मागची कड मोडली तर तिचा कोपरा मागे सरकलेला दिसतो. कर्करोगात सबंध मज्जेची जागा गाठीने व्यापलेली असणे, मागची कड बाहेर फुगलेली असणे, कमानीला जोडणारे दांडे बाधित असणे आणि हाडाबाहेर मांसल गोळा आढळणे, ही चिन्हे अधिक दिसतात. संशय उरलाच तर रक्तातील प्रथिनांच्या तपासण्या आणि सुईने घेतलेला हाडाचा नमुना यांवरून निर्णय होतो.

भारतात याच्या जोडीने क्षयरोगाचा विचार अपरिहार्य आहे, कारण जगात सर्वाधिक क्षयरुग्ण याच देशात आहेत आणि हाडांच्या क्षयात मणक्यांचा क्षय सर्वांत जास्त आढळतो. लंडनमधील शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये कण्याला बाक येऊन पाय लुळे पडणाऱ्या रुग्णांचे वर्णन केले, आणि आजही मणक्याच्या क्षयाला त्यांचे नाव दिले जाते. क्षयाचा संसर्ग सहसा दोन लगतच्या मणक्यांच्या समोरासमोरच्या कडांपासून सुरू होतो, मधली चकती झिजते आणि कण्याच्या बाजूला पू साचतो. ऑस्टिओपोरोसिसच्या अस्थिभंगात चकती बहुधा शाबूत असते आणि पू नसतो. संसर्ग झालेल्या मणक्यात सिमेंट भरणे निषिद्ध आहे, कारण तेथे औषधांनी जंतूंचा बंदोबस्त करणे ही पहिली गरज असते आणि बाहेरून घातलेला पदार्थ संसर्गाला आसरा देतो. हा एक भेद उपचारापूर्वी हेरला गेला तरी एमआरआयवर केलेला खर्च सार्थकी लागतो.

सीटी आणि अस्थिस्कॅन

गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी विकसित केलेल्या सीटी यंत्राने पहिल्या रुग्णाचे चित्र १९७१ मध्ये लंडनमधील विम्बल्डन भागातल्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात घेतले. क्ष-किरणांनी अनेक कोनांतून घेतलेल्या मोजमापांवरून संगणक शरीराचा छेद उभा करतो, त्यामुळे हाडाची बारीक भेगही यात स्वच्छ दिसते. मणक्याची मागची भिंत फुटली आहे का, तिचा तुकडा मज्जारज्जूच्या पोकळीत किती शिरला आहे, आणि मणक्यात सुई नेण्यासाठी दांड्यांची जाडी पुरेशी आहे का, या प्रश्नांना सीटी उत्तम उत्तर देते. उंचावरून पडणे किंवा वाहनाचा अपघात यांसारख्या जबर माराने झालेल्या अस्थिभंगात तर सीटी अग्रक्रमाने करतात, आणि कण्याला मागून बांधून ठेवणारे अस्थिबंध तुटले असल्याची शंका असेल तेव्हा एमआरआयची जोड देतात.

काही रुग्णांच्या शरीरात एमआरआयशी न जुळणारा जुना पेसमेकर किंवा तत्सम उपकरण असते. अशा वेळी अस्थिस्कॅन उपयोगी पडतो. टेक्नेशियम-९९एम या किरणोत्सारी द्रव्याचा अल्प अंश फॉस्फेटवर्गीय संयुगाशी जोडून शिरेतून देतात. त्याची किरणोत्सारिता दर ६ तासांनी निम्मी होते. जेथे नवे हाड तयार होत असते तेथे ते अधिक गोळा होते आणि सुमारे तीन तासांनी घेतलेल्या चित्रात ती जागा गडद उमटते. या तपासणीत मोडलेले हाड एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळही गडद दिसू शकते, ही तिची मर्यादा. मात्र सबंध सांगाडा एकाच वेळी दिसतो, हा तिचा मोठा गुण. कमरेच्या खालच्या भागात दुखणाऱ्या वृद्ध स्त्रीचे मणके निर्दोष असून त्रिकास्थीलाच भेग गेलेली असते, तेव्हा अस्थिस्कॅनमध्ये इंग्रजी ‘एच’ अक्षराची आकृती उमटते आणि क्ष-किरण चित्रातून निसटलेले निदान हाती लागते.

सुई टोचण्यापूर्वी

बहुतेक रुग्णांना वेदनाशामक औषधे, थोडी विश्रांती, गरजेनुसार पट्टा आणि लवकर सुरू केलेली चालण्या-फिरण्याची सवय यांनी सहा ते बारा आठवड्यांत बराच आराम पडतो. ज्यांना तो पडत नाही, अशांसाठी व्हर्टिब्रोप्लास्टी हा उपचार सुचवला जातो. फ्रान्समधील आमियां येथे पिएर गालिबेर आणि एर्वे देरामों यांनी १९८४ मध्ये मानेच्या दुसऱ्या मणक्यातील रक्तवाहिन्यांच्या गाठीवर तो प्रथम केला. क्ष-किरणांच्या चलचित्राखाली पाठीतून, दांड्याच्या वाटेने, मणक्यात सुई नेली जाते आणि टूथपेस्टइतके घट्ट झालेले ॲक्रिलिक सिमेंट आत भरले जाते. काही मिनिटांत ते टणक होते. कायफोप्लास्टीत सिमेंटपूर्वी एक छोटा फुगा आत फुगवून मणक्याची उंची वाढवण्याचा प्रयत्न करतात. सिमेंट भेगेतून मज्जारज्जूकडे झिरपणे किंवा शिरांतून फुप्फुसात जाणे हे या उपचारातील गंभीर धोके होत, आणि म्हणूनच मागच्या भिंतीची अवस्था आधी पाहून ठेवणे बंधनकारक मानले जाते. काहींच्या कण्यात जन्मतः कमरेचा मणका एक कमी किंवा एक जास्त असतो. तेव्हा एमआरआयवर मोजलेला मणका आणि शस्त्रक्रियागृहात मोजलेला मणका एकच असल्याची खातरजमा न केल्यास सुई शेजारच्या मणक्यात जाऊ शकते.

या उपचाराचा फायदा किती, यावर दीर्घ वाद झाला आहे. २००९ च्या ऑगस्टमध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या, एक ७८ आणि दुसरी १३१ रुग्णांवरची. त्यांत निम्म्या रुग्णांवर खरी व्हर्टिब्रोप्लास्टी आणि उरलेल्यांवर केवळ देखाव्यापुरती प्रक्रिया केली गेली; एका चाचणीत तर रुग्णाला फरक कळू नये म्हणून सिमेंटच्या द्रवाची बाटली उघडून त्याचा वास खोलीत पसरू दिला गेला. दोन्ही गटांतील वेदना जवळजवळ सारख्याच कमी झाल्या. टीकाकारांनी बोट ठेवले ते रुग्णनिवडीवर: वर्षभरापर्यंतचे अस्थिभंग त्यांत घेतलेले होते, आणि मोठ्या चाचणीत एमआरआय किंवा अस्थिस्कॅन केवळ अस्थिभंगाच्या वयाविषयी शंका असेल तेव्हाच केला गेला होता.

त्यानंतरच्या चाचण्यांत ताजेपणावर भर देण्यात आला. नेदरलँड्स आणि बेल्जियममधील व्हर्टोस-२ चाचणीत सहा आठवड्यांपर्यंतचे, एमआरआयवर सूज दाखवणारे अस्थिभंग घेतले गेले. तेथे पात्र ठरलेल्या ४३१ रुग्णांपैकी २२९ जणांची वेदना तपासण्या चालू असतानाच आपोआप उतरली, आणि उरलेल्या २०२ जणांत सिमेंटचा फायदा दिसला, मात्र त्यात देखाव्याच्या प्रक्रियेशी तुलना नव्हती. ऑस्ट्रेलियातील २०१६ च्या १२० रुग्णांवरील चाचणीत, सहा आठवड्यांच्या आतले अस्थिभंग आणि तीव्र वेदना असलेल्यांत, देखाव्याच्या तुलनेतही फायदा आढळला. २०१८ मधील व्हर्टोस-४ या १८० रुग्णांच्या चाचणीत मात्र, एमआरआयची अट असूनही, दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. या सर्वांतून निघणारा निष्कर्ष असा, की एमआरआयवरील सूज ही सिमेंट भरण्याची आवश्यक अट आहे, पण तेवढ्याने सिमेंट भरण्याचे समर्थन होत नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१३ मध्ये दिलेले मार्गदर्शन याच धर्तीचे आहे: अस्थिभंग अलीकडचा आणि न भरलेला असावा, योग्य औषधोपचार करूनही तीव्र वेदना टिकून असावी, आणि वेदना त्याच मणक्याच्या पातळीवर असल्याचे शारीरिक तपासणी व प्रतिमाचित्रण या दोहोंनी सिद्ध झालेले असावे.

तातडी कुठे आणि संयम कुठे

तरुण व निरोगी माणसाच्या साध्या कंबरदुखीसाठी पहिल्या दिवसापासून एमआरआय करण्याने लाभ होत नाही. चकत्यांची वयानुसार होणारी झीज त्यात दिसते आणि नाहक धास्ती वाढते. मात्र उतारवय, दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड औषधे, पूर्वी झालेला कर्करोग, ताप, घटते वजन किंवा रात्री निजल्यावरही न थांबणारी वेदना यांपैकी काहीही असेल, तर चित्र काढण्यास विलंब करू नये. पायांतील शक्ती कमी होणे, जांघेभोवती बधिरता येणे, लघवी तुंबणे किंवा शौचावरील ताबा सुटणे ही मज्जारज्जू अथवा त्यातून निघणाऱ्या नसा दाबल्या जात असल्याची चिन्हे आहेत, आणि तेव्हा एमआरआय त्याच दिवशी व्हायला हवा.

एक मणका ऑस्टिओपोरोसिसमुळे मोडल्यानंतर पुढच्या वर्षभरात सुमारे पाचपैकी एका स्त्रीचा दुसरा मणका मोडतो, असे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले आहे. त्यामुळे वेदना शमली म्हणजे उपचार संपला असे समजू नये. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून ठिसूळपणावर औषध सुरू करणे हा त्याच उपचाराचा भाग आहे. आणि मणक्यात सिमेंट भरण्याचा सल्ला मिळालेल्या प्रत्येक रुग्णाने व त्याच्या नातेवाइकांनी, संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी, डॉक्टरांना एवढे अवश्य विचारावे: अस्थिभंग ताजा असल्याचे कोणत्या चित्रात दिसते, वेदना त्याच मणक्याची आहे हे तपासून पाहिले आहे का, आणि क्षय व कर्करोग नसल्याची खात्री झाली आहे का. हे प्रश्न विचारण्यात डॉक्टरांवर अविश्वास मुळीच नाही. चांगला डॉक्टर उपचारापूर्वी हेच प्रश्न स्वतःलाही विचारत असतो.